एक गाल बाकी

नवापूरला माझ्या दुकानाची पाटी तीनदा बदलली.
आधी नुसतं 'हिलाल', खडूने, फळीवर.
मग 'सैंदाणे केशकर्तनालय', धुळ्याच्या पेंटरकडून.
आता प्रफुल्लने निळे दिवे लावून जे लिहिलंय
ते मला वाचता येतं, उच्चारता येत नाही.

नवरदेव पॅकेज, नऊशे नव्व्याण्णव.
दाढी, कटिंग, फेशियल, मानेचा मसाज,
आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
एक थंड, आमच्याकडून.

थंड म्हणजे काय ते उच्छलपर्यंत कळलं.
पलीकडे बंदी, इकडे मुंगीएवढं अक्षर.
लग्नसराईत गुजरात पासिंगच्या मोटरसायकली
गटारीपर्यंत उभ्या,
एका नवरदेवामागे चार मित्र
आणि चौघांनाही त्याच दिवशी दाढी वाढलेली.

वळवीसाहेब साध्या शर्टात आले.
मी बुटांवरून ओळखलं.
पन्नास वर्षं केस जिकडे पडतात तिकडेच बघतोय.
त्यांनी फ्रीज उघडला. सात मोजल्या.
आठवी नवरदेवाच्या हातात.

"विकत नाही साहेब, देतो," प्रफुल्ल म्हणाला.
"रुपया लावत नाही. कॉम्प्लिमेंटरी शे."
"परवाना नाही, तर दिली म्हणजे दिली," साहेब म्हणाले.
"आणि नऊशे नव्व्याण्णवात ती कुठे लपलीय
ते मला नको, कोर्टाला सांग."

मीही शोधत होतो, कुठे लपलीय.
दामजी मावची होळी झाली की डोंगरातून उतरायचा,
वर्षाचं डोकं एकदाच करायचा,
आणि आरशाखाली मोहाची बाटली ठेवायचा,
कणसाच्या बुरखुंड्याचं बूच लावलेली.
तिला आम्ही दोघंही फुकट म्हटलं नाही.
ती मी घरी नेऊन प्यायचो, वस्तरा दुकानात ठेवून.

एका साली कुणी पिऊन खुर्चीत बसला.
माझ्याच कुठल्याशा गोष्टीवर खदखदून हसला,
आणि कानाच्या पाळीचा तुकडा
माझ्या पंचावर पडला.
त्याने मला माफ केलं. हाताने अजून केलेलं नाही.
तेव्हापासून तोंडाला वास, तर गळ्याला पातं नाही.
पाटीवर हे कधी लिहिलं नाही.

पंच हवे होते दोन.
शेजारचा टेलर इस्माईल पिंजारी सुई तोंडात धरूनच आला.
नवरदेवाचे मामा स्वतःहून पुढे झाले,
साहेबांनी त्यांचा एक श्वास घेतला
आणि म्हणाले, तुम्ही बसा.

मग प्रश्न, आठवी बाटली अर्धी म्हणजे किती?
प्रफुल्लने डाय कालवायचा मापाचा कप आणला.
कपाच्या कडेला काळा रंग,
पंचनाम्यात दोनशे ऐंशी मिली.

एवढ्यात खुर्चीतून आवाज:
"बाबा, मना एक गाल बाकी शे."
डावा गुळगुळीत, उजव्यावर फेस वाळून भेगाळलेला,
आणि पाच वाजता उच्छलला हळद.
प्रफुल्लने अर्धा केला होता. उरलेला माझ्याकडे आला.
मी वाकून त्याचं तोंड हुंगलं,
पातं घडी करून ठेवलं
आणि लिंबाचं पाणी करायला गेलो.

"करा काका," साहेब मान वर न करता म्हणाले,
"दाढीला आमची हरकत नाही."
"तुमची नसेल, साहेब. मनी शे."

पंखा फिरत राहिला. पोराने दोन ग्लास संपवले,
मग पोटभर ढेकर दिला, मग घड्याळ बघितलं.
मामा फोनवर कुणाला तरी सांगत होते,
हो, हो, निघालोच, बस एक गाल.

सव्वाचारला मी पुन्हा वाकलो.
लिंबू, आणि लिंबामागे अजून जरासं काहीतरी.
"आते हालू नको, भाऊ. नुसता बस."

तिकडे साहेबांनी सहीसाठी पेन पुढे केलं.
प्रफुल्लचं नाव ओळ सोडून खाली घसरत गेलं.
त्या हातात आज मी वस्तरा दिला नसता,
आणि तो तर प्यायलाही नव्हता.